वरच्या मजल्यावर फुलणारी जुई

पत्र : आम्ही पुण्यात कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. वाईचा वाडा पाडला तेव्हा सासूबाईंनी परसातल्या जुईची मुळं धरलेली एक फांदी ओल्या पोत्यात गुंडाळून आणली. हॉलच्या पूर्वेच्या बाल्कनीत, दहा इंची कुंडीत लावली. समोर इमारत आहे. दुपारभर ऊन बेडरूमच्या बाल्कनीत असतं, पण तिथे मी कपडे वाळत घालते. तीन वर्षं झाली. वेल ग्रिलवरून चढत चौथ्या मजल्यावर पोचली, पानं हिरवीगार आहेत, पण आमच्याकडे एक कळी नाही. गेल्या पावसाळ्यात वरच्या काकूंनी दहा-बारा फुलं आणून दिली, बारीक कळ्यांची, पांढरीशुभ्र, आमच्याच वेलीची! मी रोज चहाचा चोथा आणि तांदळाचं धुवण घालते, दर आठवड्याला चमचाभर युरिया देते. नर्सरीवाला म्हणतो, खालपर्यंत छाटून टाका. पण वाईची मूळ वेल आता राहिलेली नाही. ही मेली तर संपलंच, म्हणून कात्री लावायला मन धजत नाही. आई ८२ वर्षांच्या आहेत, नीट दिसत नाही, तरी रोज संध्याकाळी हॉलच्या झोपाळ्यावर बसून विचारतात, "कळी धरली का गं?" तिथूनच त्यांना वास यावा असं फार वाटतं. खालच्या मजल्यावरचे लोक म्हणतात, जुईला साप येतात. आणि घरात वादही आहे, ही जाई की जुई. काय करू?

ताई,

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर वरच्या काकूंनी ओंजळीत आणून दिलंय. वेलीत काही खोट नाही. तिला जिथे फुलता आलं तिथे ती फुलली. जुईची कळी जुन्या लाकडावर येत नाही. ती येते त्याच हंगामात फुटलेल्या कोवळ्या फांदीच्या टोकाला, तेही त्या टोकाला ऊन मिळालं तर. तुमच्या वेलीची जवळजवळ सगळी नवी टोकं चौथ्या मजल्यावर आहेत आणि ऊनही तिथेच आहे. तुमच्या बाल्कनीत उरलाय तो तीन वर्षांचा जुना पसारा.

आधी जाई-जुईचा वाद मिटवू, कारण तो आईंनाच मिटवता येईल, तोही डोळ्यांशिवाय. एक पान देठासकट तोडून त्यांच्या हातात द्या. जुईचं एक मोठं पान असतं, आणि त्याच्या खाली देठाशी दोन इवलीशी पानं, कानाच्या पाळीसारखी. तिच्या शास्त्रीय नावातलं 'ऑरिक्युलेटम' हे त्या कानांवरूनच आलंय. काही पानांना हे कान नसतातही, म्हणून पाच-सहा पानं चाचपायला द्या. जाईचं पान वेगळं, पिसासारखं. एका देठावर दोन्ही बाजूंना जोडीजोडीनं पाच, सात किंवा जास्त पर्णिका असतात, आणि कळी बाहेरून गुलाबीसर दिसते. वाईच्या आईंच्या बोटांना कान लागले की ती जुई. तुमच्या पत्रात काकूंची फुलं 'बारीक कळ्यांची, पांढरीशुभ्र' असं आहे, त्यावरून मला तरी ती जुईच वाटते.

आता तुमची भीती. तुम्ही पत्रात तिच्यावर एकच ओळ लिहिली आहे, पण पत्र मुळात तिच्याचविषयी आहे असं मला वाटलं. मूळ वेल वाड्याबरोबर गेली. आता जी आहे ती एकच. अशा वेलीवर कात्री चालवा असं मी तुम्हाला आज सांगणार नाही. नर्सरीवाल्याचा सल्ला बरोबर आहे, पण त्याची वेळ जानेवारीत. त्याआधी एकाच्या दोन वेली करू, म्हणजे छाटताना तुमचा हात थरथरणार नाही.

मृग लागलाय, दाब कलम करायला, म्हणजे वेलीला जोडलेलीच फांदी मातीत दाबून तिला मुळं फोडायला, यासारखा काळ नाही. आईंना हे नवीन नाही. वाईहून त्यांनी आणलेली 'मुळं धरलेली फांदी' बहुधा असंच कलम होती, जमिनीला टेकून आपोआप झालेलं किंवा कोणी मुद्दाम केलेलं. पेन्सिलीएवढ्या जाडीची, वाकवली तर न मोडणारी एक फांदी निवडा. टोकापासून हात-दीड हात मागे एक पेर बघा, म्हणजे जिथून पानं निघतात तो सांधा. त्या पेराच्या जरा खाली, बोटाच्या पेराएवढ्या रुंदीची साल चाकूनं गोल सोलून काढा. फक्त साल, आतलं लाकूड कापायचं नाही. सालीखालचा हिरवट चिकट थर नखानं खरवडा, नाहीतर जखम भरून येते आणि मुळं फुटत नाहीत. मग तो भाग एका छोट्या कुंडीतल्या ओलसर मातीत दोन बोटं खोल दाबा, वर विटेचा तुकडा ठेवा, फांदीचा शेंडा बाहेर उभा राहू द्या. फांदी खाली येत नसेल तर छोटी कुंडी स्टुलावर ठेवून वर न्या. फांदीला ओढाताण नको.

अशी दोन कलमं बांधा. एक गेलं तर दुसरं राहतं. माती कायम ओलसर हवी, चिखल नको. मुळं धरायला तीन ते चार महिने लागतात, म्हणजे दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला. मधे उकरून बघायचा मोह होईल, तो आवरा. कोवळी मुळं काचेसारखी तुटतात. ऑक्टोबरात विटेचा तुकडा काढून फांदी अगदी हलक्या हातानं ओढून बघा. ती धरून बसली असेल तर आईवेलीच्या बाजूनं आधी अर्धी कापा, आठवड्यानं पूर्ण तोडा. एकदम तोडलं तर कधी कधी रोप मान टाकतं.

दिवाळीला तुमच्याकडे वाईची जुई तीन कुंड्यांत असेल. मग छाटणीचं बोलू.

आमच्या आजीच्या परसात, साताऱ्याला, विहिरीच्या कठड्यालगत जुईचा मांडव होता. संक्रांतीची हळदीकुंकवं चालू असायची आणि त्यातल्याच एका सकाळी आजी पदर खोचून विळा घेऊन उभी राहायची. रथसप्तमीच्या आत अख्खा मांडव खाली यायचा. उरायची ती गुडघ्याएवढी खुंटं. मी सहा-सात वर्षांची असताना ते बघून रडले होते. आजीनं मला काही समजावलं नाही, नुसतं एक खुंट नखानं खरवडून आतला हिरवा रंग दाखवला. चैत्रात त्या खुंटांवर पानंच पानं होती, आणि आषाढात संध्याकाळी परसाचं दार उघडलं की वास घरात शिरायचा.

पुढे कळलं की तामिळनाडूत, जिथे जुईची शेती होते, तिथेही हेच करतात. तिथे जुईला मुल्लै म्हणतात. संगमकाळच्या, म्हणजे प्राचीन तमिळ कवितेत रानाच्या, गुराख्यांच्या मुलखाला तिचंच नाव आहे. कोइम्बतूरच्या कृषी विद्यापीठाची शिफारस अशी की जुई जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर छाटावी. आजीचं गुडघ्याएवढं खुंट आणि संक्रांत ते रथसप्तमीचा मुहूर्त तिथे नेमका जुळतो. वाईच्या वाड्यात काय करत होते हे आईंना विचारा. मला खात्री आहे की कोणीतरी दरवर्षी ती वेल कापत होतं, त्याशिवाय ती वर्षानुवर्षं फुलली नसती.

तर जानेवारीत असं करा. छाटणीआधी आठ-दहा दिवस पाणी तोडा, म्हणजे वेलीला ताण बसेल. नंतर धारदार कात्रीनं गुडघ्याएवढं ठेवून बाकी सगळं उतरवा. वाळक्या आणि एकमेकींत गुंतलेल्या फांद्या मुळापासून काढा, चार-पाच निरोगी खोडं राखा. त्यांच्यावरची उरलीसुरली पानंही खुडून टाका. वेल भकास दिसेल. दोन-तीन आठवडे तशीच दिसेल, आणि त्या दिवसांत तुम्हाला माझा राग येईल. मग खोडांवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुगतील, तांबूस-हिरवे. फुटवे वीतभर झाले की शेंडे एकदा खुडा, म्हणजे एकाच्या दोन-तीन फांद्या होतील. जितकी टोकं तितक्या कळ्या.

छाटणीच्याच दिवशी कुंडी बदला. दहा इंची कुंडीत तीन वर्षांत मुळांचा गुंडाळा झाला असणार, तो सगळीकडून थोडा कापून मोकळा करावा लागेल. अठरा इंची कुंडी घ्या, किंवा प्लॅस्टिकचा ड्रम अर्धा कापून घ्या, तळाला चार-पाच मोठी भोकं हवीतच. भोकांवर खापराचे तुकडे, वर दोन भाग पोयटा माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू, आणि दोन मुठी निंबोळी पेंड. कुंडीखालची ताटली काढून टाका, ती आजच काढा. मी माझी एक जुई अशीच गमावली आहे. पत्र्याच्या ड्रमची भोकं मातीनं बुजली होती, पावसाळाभर पाणी आत साचत राहिलं, आणि पानं पिवळी पडून गळू लागली तेव्हा मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून मी आणखी घातलं. उपटली तेव्हा मुळं काळी, हाताला बुळबुळीत लागली. पावसाळ्यात मातीत बोट खुपसून बघा, वरचं पेरभर कोरडं लागलं तरच पाणी. उन्हाळ्यात मात्र रोज, सकाळी, भरपूर.

आणि युरिया बंद. आजपासून, पूर्ण. हिशेब करून बघा. चमचाभर म्हणजे साधारण ५ ग्रॅम, वर्षाचे ५२ आठवडे, म्हणजे २६० ग्रॅम युरिया. युरियात ४६ टक्के नत्र (नायट्रोजन) असतं, म्हणजे तुमच्या कुंडीत वर्षाला जवळपास १२० ग्रॅम नत्र गेलं. मोकळ्या शेतात वाढणाऱ्या जुईलाही नत्रापेक्षा स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) जास्त देतात. तुम्ही दहा इंची कुंडीत एवढं नत्र दिलंत आणि फुलासाठी लागणारं जवळजवळ काहीच नाही. नत्रानं पान वाढतं. तुमची हिरवीगार पानं हे त्याचंच फळ. हे प्रेमापोटी झालंय हे मला दिसतंय, म्हणून स्पष्ट सांगते.

त्याऐवजी छाटणीनंतर आणि पुन्हा जून-जुलैत, दोनदाच, दोन-तीन ओंजळी शेणखत आणि त्यात मूठभर हाडांचा चुरा. तो घरात चालत नसेल तर सिंगल सुपर फॉस्फेट एक मोठा चमचा, कुंडीच्या कडेनं मातीत मिसळून. पालाशासाठी लाकडाची राख चिमूटभर चालते, पण बोअरचं किंवा टँकरचं पाणी घालत असाल तर राख नको, ते पाणी आधीच क्षारांचं असतं. मातीवर पांढरा थर धरतोय आणि नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसतायत, असं झालं तर ती लोहाची कमतरता. हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला ५ ग्रॅम घेऊन ऊन उतरल्यावर फवारा, महिन्यातून एकदा, पानं सुधारेपर्यंत. आत्ता तुमची पानं हिरवी आहेत, त्यामुळे आत्ता काही नको. चहाचा चोथा दुधा-साखरेसकट घालू नका, मुंग्या येतात. धुऊन, वाळवून घाला. धुवण आठवड्यातून एकदा पुरे.

आता उन्हाचा प्रश्न, आणि इथे तुमच्या घराची थोडी हलवाहलव करावी लागेल. हॉलची बाल्कनी पूर्वेची आणि समोर इमारत, म्हणजे दीड-दोन तासांपलीकडे ऊन नाही. जुईला पाच-सहा तास हवं. तुम्ही लिहिलंय की बेडरूमच्या बाल्कनीत दुपारभर ऊन असतं, तिथे कपडे वाळत घालता. तर कपडे हॉलकडे आणि जुई बेडरूमकडे, असा बदल करा. आत्ता वेल ग्रिलमध्ये गुंतलेली आहे, ती ओढून सोडवायला जाऊ नका. कलमं तोडून वेगळी केली की ती थेट उन्हात जातील, आणि मोठी वेल जानेवारीत छाटली की आपोआप मोकळी होईल. आई संध्याकाळी हॉलच्या झोपाळ्यावर बसतात, तिथूनच त्यांना वास यावा अशी तुमची इच्छा आहे, हे मी वाचलं. पण कळी धरायला दुपारचं ऊन लागतं, ते तिथे आणता येणार नाही. आईंची खुर्ची मात्र सातच्या सुमाराला बेडरूमच्या बाल्कनीत नेता येईल.

नव्या जागी वेल नुसती उभी चढू देऊ नका. काकडी-कारल्यासारखे धरून चढणारे ताणे जुईला नसतात, तिला बांधावं लागतं, आणि ही आपल्या सोयीची गोष्ट आहे. फांदी सरळ वर गेली की फक्त शेंड्याशी फुटते. तीच आडवी बांधली की पेरापेरातून फुटवे येतात. ग्रिलवर हाताच्या उंचीला सुतळीचे तीन-चार आडवे पदर ताणा, फांद्या त्यांवर पसरून सैल गाठीनं बांधा. तार वापरू नका, सालीत रुतते. बहर ओसरला की फुललेली टोकं दोन-दोन पेरं मागे कापत राहा. पुढचा बहर त्याच्यावरच येतो. म्हणजे वेल तुमच्या हाताच्या उंचीतच राहील, आणि आईंच्याही.

साप कोणत्याही फुलाच्या वासाला येत नाही. तो येतो उंदीर-बेडकांच्या मागे, अडचणीच्या जागी. खालच्या मंडळींना शांतपणे हे सांगा, आणि तुमची पानं त्यांच्या बाल्कनीत पडत असतील तर ती झाडायची तजवीज करा. मला वाटतं खरी तक्रार तीच असेल.

किडींचं थोडक्यात. पानांवर, कळ्यांवर पांढरी मखमलीसारखी लव आणि गाठी दिसल्या तर तो कोळी, म्हणजे जाळं विणणारा नव्हे, रस शोषणारी अगदी बारीक कीड. जुईला तो विशेष लागतो. तेवढ्या फांद्या कापून पिशवीत बांधून टाका, आणि पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम फवारा. कळ्या जांभळट होऊन न उमलता गळू लागल्या तर आत बारीक अळी असते. अशा कळ्या रोज वेचून नष्ट करा, खताच्या डब्यात टाकू नका.

राहिला हा पावसाळा. तुमच्या हाताच्या टप्प्यातली चार-सहा कोवळी टोकं आत्ताच खुडा, कलमाच्या फांद्या सोडून. उजेडाकडच्या बाजूला गणपतीच्या आसपास दोन-चार कळ्या दिसल्याच तर आनंद. पण यंदाची खरी फुलं वरच्या मजल्यावरच येणार. वरच्या काकू चांगल्या आहेत, नाहीतर दहा फुलं कोणी जिना उतरून आणून देत नाही. त्यांना सांगा की फूल उमललेलं तोडू नका, दुपारी साडेचार-पाचला टपोरी, पूर्ण पांढरी झालेली कळी तोडा. हिरवट कळी राहू दे, ती घरात उमलत नाही. एक छोटी परडी दोरीला बांधून त्यांच्या ग्रिलपासून तुमच्या ग्रिलपर्यंत सोडता येईल. परडीत ओला रुमाल घाला. कळ्या आल्या की गजरा करत बसू नका, दहा-बारांचा होतही नाही. तशाच रुमालात गुंडाळून सातपर्यंत ठेवा, मग काचेच्या वाटीत ओतून आईंच्या हातात द्या. जुई दिवेलागणीला उमलते. वाटी हातात असतानाच उमलू लागेल.